बोटीवरच्या उघड्या लाकडाला कोणतं फिनिश: कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

बोटीवरचं उघड्यावर राहणारं सगळं लाकडी सामान आज सोडवून छपराखाली आणलं. कॉकपिटमधले, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या मोकळ्या जागेतले, दोन बाक, घडीचं टेबल, सामानाच्या पेटीचं झाकण आणि पाण्यातून वर चढायच्या शिडीच्या पायऱ्या. झाकण मरीन प्लायवुडचं, बाकी सगळं सागवान. लाकूड ठणठणीत आहे. कुठे कुजलेलं नाही, सांधे घट्ट आहेत. वाट लागली आहे ती वरच्या फिनिशची.

खरवडायला हात घालण्याआधी प्रत्येक तुकड्याचे फोटो काढले आणि जुनं फिनिश कुठे टिकलं, कुठे सुटलं याच्या खुणा वहीतल्या आकृतीवर केल्या. एकदा खरवडलं की पुरावा गेला, म्हणून हे आधी.

टेबलाच्या मधोमध व्हार्निश पिवळट झालंय, पण अखंड आहे. कडेला मात्र पोपडे. बाकाच्या पट्ट्यांची टोकं काळी पडलेली. स्क्रूच्या डोक्यांवर बसवलेल्या लाकडी बुचांभोवती पांढुरकी कडी. झाकणाचा रंग वरून बरा, खालच्या कडेला प्लायचे थर फुगलेले. पायऱ्यांवर व्हार्निश नावालाच उरलंय, तेही जिथे पाय पडत नाही तिथे.

म्हणजे पायांनी झिजलेल्या पायऱ्या सोडल्या तर फिनिश मधून असं कुठेच गेलेलं नाही. गेलं ते कडा, टोकं, भोकं आणि सांधे इथून. पुढचा सगळा निर्णय या एका निरीक्षणावर उभा राहणार, असं दिसतंय.

७ फेब्रुवारी

खरवडायला सुरुवात. केमिकल रिमूव्हर टाळला. तो सागवानाच्या नसांत मुरतो आणि नीट धुतला गेला नाही तर नव्या थराला पकड मिळू देत नाही. हीट गनने व्हार्निश मऊ करायचं आणि कार्बाइडच्या पात्याचा स्क्रेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढायचा. गन एका जागी धरायची नाही, नाहीतर लाकूड करपतं.

बाकाच्या एका पट्टीवर बुचापाशी पोपडा उचललेला होता. तिथे नख घातलं आणि हळूच ओढलं, तर पट्टीच्या रुंदीचा अख्खा पापुद्रा निघून आला. लवचिक, वरून अजून चकचकीत. उजेडात धरून उलटा केला. आतल्या बाजूला सगळीकडे करड्या लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले होते. व्हार्निशने लाकूड सोडलेलं नव्हतं, लाकडाच्या वरच्या तंतूंनीच खालचं लाकूड सोडलं होतं.

याचं कारण लिग्निन. लाकडाच्या वजनाचा साधारण पाव भाग असलेला हा घटक तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवतो, आणि सूर्याचे अतिनील किरण तोच आधी मोडतात. हे किरण लाकडात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही खोल जात नाहीत, पण फिनिशची पकड असते ती तेवढ्याच थरावर. पारदर्शक व्हार्निशमधून काही किरण आत पोचतातच. वरचा थर शाबूत दिसत असताना खालची पकड भुसभुशीत होत जाते, मग एका भोकातून पाणी शिरायची खोटी, सगळं एकदम सुटतं. उघडं सागवान करडं पडतं तेही याच क्रियेने. मोडलेलं लिग्निन पावसाने धुऊन जातं आणि फिकट सेल्युलोज मागे राहतं.

८ फेब्रुवारी

खरवडणं चालू. बाकाचा एक पाय आणि पायऱ्या झाल्या.

१२ फेब्रुवारी

खरवडणं संपलं. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. सागवानाला व्हार्निशआधी १८० किंवा फार तर २२० पर्यंतच घासायचं. त्याहून गुळगुळीत केलं तर तेलकट लाकडावर थराला धरायला काही उरत नाही. लोखंडी वूल या कामात कुठेही वापरायचं नाही. त्याचे कण नसांत अडकतात, गंजतात आणि लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे ठिपके पडतात. त्याऐवजी नायलॉनचं पॅड.

पट्ट्यांच्या टोकांवरचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने बरेचसे उतरले. हे विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि काम झाल्यावर गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं. सगळ्या पृष्ठभागावर मात्र ते फिरवलं नाही. ॲसिड आणि कॉस्टिक असलेले दोन बाटल्यांचे टीक क्लीनर लाकूड झटकन उजळ करतात, पण मऊ रेषा खाऊन टाकतात आणि पृष्ठभागावर खाचा उरतात. दरवेळी तसं केलं तर पट्ट्या बारीक होत जाणार.

दोन टोच्यांच्या मीटरने ओलावा मोजला. पट्ट्यांच्या मध्यभागी १६ टक्के, टोकांना १९. फिनिश लावायला १५ च्या खाली हवा. घाई नाही. सामान छपराखाली, हवेशीर जागी, मध्ये फळ्या ठेवून रचलंय. वाळेपर्यंत नमुने करून बघता येतील.

१५ फेब्रुवारी

सुतारकाका आज पट्ट्या बघायला आले. त्यांनी उभं आयुष्य बोटींच्या लाकडात घालवलंय. पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कड मार आधी. धारदार कडेवर कुठलंच व्हार्निश थांबत नाही, मग ते कितीही चांगलं घे."

मी विचारलं, "काका, तुम्ही असतात तर काय लावलं असतं?"

"कशाला लावू ते सांग. बसायला, जेवायला, की पाय ठेवायला?"

मला प्रश्न पटला. मी इतके दिवस सगळ्या सामानासाठी एकच उत्तर शोधत होतो.

काकांनी दाखवलेली गोष्ट अशी: ओलं व्हार्निश सुकताना पृष्ठताणामुळे टोकदार कडेपासून मागे ओढलं जातं. सपाटीवर जेवढी जाडी बसते तिचा थोडासा अंश कडेवर उरतो. कड निदान ३ मिमी त्रिज्येने गोल केली तर थर सलग राहतो. सगळ्या कडा राउटरने आणि जिथे राउटर पोचत नाही तिथे हाताने मारायच्या असं ठरलं.

१८ फेब्रुवारी

खरवडताना वेगळ्या पडलेल्या जुन्या पट्टीचे आणि त्याच जातीच्या एका नव्या फळीचे नमुने कापले. प्रत्येक नमुन्याची एक कड गोल, एक धारदार. एका टोकाला थर पूर्ण, दुसरं टोक मुद्दाम उघडं. मधोमध एक स्क्रू बुच न लावता कसला, आणि खिळ्याने एक लांब ओरखडा काढला. ज्या जखमा बोटीवर होणारच आहेत त्या आधीच करून बघायच्या. अर्ध्या भागावर कॅनव्हासची पट्टी बांधली, म्हणजे आच्छादनाने किती फरक पडतो तेही कळेल. नमुने डेकवर आडवे बांधलेत, कारण ऊन आणि साचलेलं पाणी दोन्ही आडव्या पृष्ठभागाला सगळ्यात जास्त बाधतं.

काय काय लावलं ते सविस्तर लिहून ठेवतो.

उघडं सागवान, काहीही न लावता. हा मापदंड.

टीक ऑइल. या नावाने जे मिळतं ते बहुतेक जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल, सॉल्व्हंट आणि कधी थोडं व्हार्निश यांचं मिश्रण असतं. लावायला सर्वांत सोपं. फडक्याने चोळायचं, जास्तीचं पुसायचं.

स्पार व्हार्निश, एका नमुन्यावर तीन हात, दुसऱ्यावर आठ. हे मुळात डोलकाठ्यांसाठी आहे. डोलकाठी वाऱ्यात वाकते, म्हणून या व्हार्निशमध्ये रेझिनच्या मानाने तेल जास्त घालतात आणि सुकलेला थर ताण सोसतो. चांगल्या व्हार्निशमध्ये टंग तेल आणि फेनॉलिक रेझिन असतं, शिवाय अतिनील किरण शोषणारी द्रव्यंही. घरातल्या फर्निचरचं कडक व्हार्निश इथे चालत नाही. लाकूड हलतं आणि ते तडकतं. सागवान तसं शांत लाकूड, तरी १०० मिमी रुंदीच्या पट्टीतला ओलावा पाच टक्क्यांनी बदलला तर ती जवळजवळ १ मिमी फुगते किंवा आकसते. वरच्या थराला तेवढं तरी ताणता आलंच पाहिजे.

दोन भागांचं पॉलियुरेथेन, ॲलिफॅटिक प्रकारचं. ॲरोमॅटिक प्रकार उन्हात पिवळा पडतो, तो बाहेरच्या कामाला घ्यायचाच नाही. थर फार कठीण आणि चकचकीत होतो. याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो. ब्रशने, मोकळ्या हवेत, योग्य काडतुसांचा मास्क लावूनच काम केलं. स्प्रे करायचं तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तो प्रकार घरच्या कामात नकोच.

इपॉक्सीचे (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) दोन हात आणि वर स्पार व्हार्निश. आणि शेजारी, नुसतं बघण्यासाठी, उघडी इपॉक्सी.

रंगद्रव्य असलेलं अर्धपारदर्शक सीलर. यातले लोह ऑक्साइडचे बारीक कण किरण अडवतात, त्या बदल्यात लाकडाला तांबूस झाक येते. अनेकांना ती आवडत नाही. मला चालते.

आणि प्लायच्या तुकड्यावर प्रायमर, अंडरकोट, पांढरा इनॅमल.

सागवानाचे नमुने लावायच्या आधी ॲसिटोनने पुसले. फडकं पिवळं होतं तोवर बदलत राहायचं, आणि पुसल्यावर लगेच पहिला हात द्यायचा. थांबलं तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

१९ फेब्रुवारी

तेलाच्या चिंध्यांबद्दल स्वतंत्र नोंद, कारण हे कुणीही विसरू नये. जवस आणि टंग तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून सुकतात आणि त्यात उष्णता निघते. चिंध्यांचा बोळा करून डब्यात टाकला तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. बोटीवर तर हे भयंकर. वापरलेली प्रत्येक चिंधी उघड्यावर सपाट पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवायची.

६ एप्रिल

नमुन्यांची पहिली पाहणी. टीक ऑइल गेलं. उघडा अर्धा भाग काळपट, ठिपक्याठिपक्यांचा. ओल्या बोटाने घासल्यावर काळं निघतं, म्हणजे बुरशी. जवसाचं तेल बुरशीचं खाद्यच आहे. शेजारचं उघडं सागवान फिकट होतंय, पण स्वच्छ दिसतंय. तेल न लावलेलं लाकूड तेल लावलेल्यापेक्षा चांगलं राहिलेलं बघून माझं एक जुनं मत मोडलं.

उघडी इपॉक्सी निस्तेज, बोटाला पांढरी पूड लागते. बाकी सगळं जागच्या जागी.

मिठाचीही एक गोष्ट लक्षात आली. सकाळी ज्या नमुन्यांवर मिठाचे कण वाळलेले होते ते बराच वेळ दमट राहिले, आणि गोड्या पाण्याने धुतलेले लवकर कोरडे झाले. मीठ हवेतल्या आर्द्रतेच्या ७५ टक्क्यांच्या पुढे स्वतःच पाणी ओढून विरघळतं. त्यामुळे समुद्राचं पाणी वाळलं असं वाटलं तरी लाकूड रोज रात्री पुन्हा भिजत असतं. गोड्या पाण्याने धुणं हा फिनिशचाच एक भाग धरायला हवा.

११ जून

तीन हातांच्या व्हार्निशची चकाकी गेली. भिंगाखाली बारीक जाळीदार तडे दिसतात. आठ हातांचं अजून भरदार आहे. एका हाताची सुकलेली जाडी साधारण ३० ते ४० मायक्रॉन, म्हणजे तीन हातांत मिळून मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. वरचा भाग ऊन खाणारच आहे. खाली शिल्लक किती राहते हा प्रश्न, आणि हातांची संख्या त्यासाठी असते. लोक इथेच काटकसर करतात आणि मग व्हार्निशला दोष देतात.

दोन्ही व्हार्निशच्या धारदार कडा सुटायला लागल्यात. गोल कडा शाबूत. काकांचा अंगठा बरोबर होता.

३० ऑगस्ट

शेवटची पाहणी, आणि इथे बराच वेळ घालवला.

दोन भागांचं पॉलियुरेथेन लांबून बघितलं तर पहिल्या नंबरचं. सपाटीवर आजही आरशासारखं. पण स्क्रूच्या भोकाभोवती दुधाळ डाग पसरलाय, नाण्याहून मोठा. तिथे ब्लेडचं टोक घातलं तर थर टणक चकतीसारखा उचलला गेला. खाली लाकूड ओलं, काळं. पाणी भोकातून आत गेलं आणि बाहेर पडायला वाट नाही. हीच जागा स्पार व्हार्निशवर बघितली, तर तिथेही डाग आहे, पण आकाराने लहान, आणि थर मऊ असल्याने कडेला तुटून थांबलेला.

इपॉक्सीवरचं व्हार्निश सुंदर दिसतं. इपॉक्सीमुळे लाकडात ओलाव्याची ये-जा कमी होते, लाकूड कमी हलतं, वरचं व्हार्निश जास्त टिकतं. पण एक प्रयोग केला: हा नमुना दुपारच्या उन्हात तापू दिला आणि नखाने दाबला. तापमान मोजलं तर ५८ °से. घरच्या तापमानाला घट्ट होणारी बरीचशी इपॉक्सी ५० ते ६० °से. च्या आसपास मऊ व्हायला लागते. गडद लाकडावर हे तापमान सहज येतं. शिवाय कधीतरी ते सगळं काढायची वेळ आली तर सागवानाच्या पट्ट्यांतून इपॉक्सी काढणं म्हणजे लाकूडच काढणं.

सीलर सगळ्यात कमी नजरेत भरतं, आणि मला तेच सगळ्यात प्रामाणिक वाटलं. कडांवर आणि ओरखड्यापाशी झिजलंय, पण कुठे पोपडा नाही, फोड नाही. झिजतं, सुटत नाही.

कॅनव्हासखालचा अर्धा भाग प्रत्येक नमुन्यावर जवळजवळ नवा आहे. तीन हातांच्या व्हार्निशचा झाकलेला भाग हा आठ हातांच्या उघड्या भागापेक्षा चांगला दिसतो! इतका खर्च आणि घाम ज्या डब्यांच्या निवडीवर जातो, त्याहून जास्त फरक एका कापडाने पडला.

३ सप्टेंबर

दुरुस्तीची चाचणी. सगळ्या ओरखड्यांवर सारखंच काम: घासणं, पुसणं, थर भरणं.

सीलर: नायलॉन पॅडने घासलं, धुतलं, वाळल्यावर एक हात. दुरुस्ती कुठे होती ते शोधावं लागतं.

स्पार व्हार्निश: ओरखड्याभोवती उतार करून घासलं, पातळ केलेल्या व्हार्निशने आधी ती जागा भरली, मग दाट हात, मग पूर्ण नमुन्यावर एक हात. तिरक्या उजेडात सावली दिसते, एरवी नाही. वेळ लागतो, पण जमतं.

पॉलियुरेथेन: जुन्या थराच्या कडेची गोल रेघ काही केल्या जात नाही. नवा थर जुन्यात विरघळत नाही, नुसता वर बसतो. पूर्ण तुकडा घासून पुन्हा करायचा तरच एकसारखं होईल.

टिकाऊपणाकडे बघायची माझी नजर या दिवशी बदलली. बोटीवर फिनिश आज ना उद्या दुखावणारच. दोर घासेल, बूट लागेल, कुणीतरी हत्यार पाडेल. पाच वर्षं न दुखावता टिकणारा थर मिळाला असता तर तोच घेतला असता, पण असा थर सांधे आणि भोकं असलेल्या लाकडावर नसतो. म्हणून टिकाऊ म्हणजे ज्याची दुरुस्ती अर्ध्या दिवसात, जागेवर, खरवडल्याशिवाय होते ते.

५ सप्टेंबर

निर्णय, काकांच्या प्रश्नाच्या क्रमाने.

पायऱ्यांना काहीच लावायचं नाही. ओल्या पायाला उघडं सागवान धरतं, व्हार्निश घसरवतं. इथे पाय घसरला तर माणूस पाण्यात जातो, दिसण्याचा विचार इथे करायचाच नाही. करड्या पडतील, पडू देत. मऊ ब्रशने, साध्या साबणाने, रेषेला आडवं घासायचं. प्रेशर वॉशर कधीच नाही, तो मऊ रेषा उखडून काढतो.

बाकांना सीलर. वर माणसं बसतात, ओले कपडे असतात, दोर घासतात. सतत झिजणाऱ्या जागेला झिजणारंच फिनिश बरं.

टेबलाला स्पार व्हार्निश, आठ हात, आणि वापर नसेल तेव्हा कापडाचं आच्छादन. टेबल घडी होतं, झाकता येतं, काढून छपराखाली आणता येतं. इतकं सुंदर सागवान आहे की त्याची मेहनत मला मनापासून करायची आहे.

झाकणाला रंग. रंगद्रव्याचा भरीव थर किरण आतच जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेरच्या लाकडाला रंगाइतकं संरक्षण कशानेच मिळत नाही. प्लायची नक्षी दाखवण्यात काही अर्थ नाही.

पॉलियुरेथेन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सांधे नसलेल्या, स्क्रू नसलेल्या, सहज उतरवून कार्यशाळेत नेता येणाऱ्या अखंड तुकड्याला मी ते आनंदाने लावेन. माझ्याकडे तसा तुकडा नाही.

९ ऑक्टोबर

मीटरवर सगळीकडे १२ ते १३ टक्के. झाकणापासून सुरुवात. फुगलेली कड सरळ कापून काढली, नव्या कडेला पातळ इपॉक्सी पाजली. प्लायच्या कडेला तंतूंच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, सपाटीच्या कितीतरी पट पाणी ती ओढतात, म्हणून पिते तोवर पाजत राहायचं. वाळल्यावर वर मेणचट थर येतो तो साबण नव्हे, नुसत्या पाण्याने आणि पॅडने धुवायचा, त्यानंतरच घासायचं. आधी घासलं तर तो आत दडपला जातो आणि रंग धरत नाही.

प्रायमर, अंडरकोट, पांढरा इनॅमल. खालच्या बाजूलाही तेवढेच हात. एकाच बाजूने बंद केलेली फळी वाकते.

१४ ऑक्टोबर

टेबल. सकाळी दव उडाल्यावर सुरू केलं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि लाकडाचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ °से. वर असेल तरच डबा उघडायचा. थेट उन्हातही नाही. वरची साय आधी सुकते, आतला सॉल्व्हंट अडकतो आणि फुगे येतात.

पहिला हात निम्मा थिनर घालून. लाकडाने क्षणात पिऊन टाकला. दुसऱ्याला पाव भाग थिनर, तिसऱ्याला दहावा, पुढचे डब्यातलंच व्हार्निश. डबा हलवायचा नाही, हलवलं की बुडबुडे. लागेल तेवढं जाळीतून गाळून वाटीत ओतून घ्यायचं आणि उरलेलं डब्यात परत ओतायचं नाही.

ब्रश आधी रेषेला आडवा फिरवून व्हार्निश पसरायचं, मग फक्त टोकाने, वजन न देता, रेषेच्या दिशेने एकदा ओढायचं. ब्रश कोरड्या भागाकडून ओल्या भागाकडे न्यायचा आणि चालता चालताच उचलायचा. तिरक्या उजेडाकडे तोंड करून उभं राहिलं की सुटलेली जागा लगेच दिसते. सपाटीपेक्षा पट्ट्यांच्या टोकांना मी जास्त वेळ दिला. प्रत्येक टोकाला दर हाताच्या वेळी दोनदा ब्रश.

२१ ऑक्टोबर

दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पेपर, धूळ पुसून पुढचा हात. मधले दोन दिवस दमट, काम बंद.

२६ ऑक्टोबर

टेबलाचे हात पूर्ण. बाकांना सीलरचे हात झाले. सीलर जाड लावायचं नसतं, जाड लावलं की तेही पोपड्याच्या वाटेला जातं.

२ नोव्हेंबर

जोडणी. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. पितळी स्क्रूमधलं जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जातं आणि ते ठिसूळ होतात. स्क्रू कसण्याआधी प्रत्येक भोकात आतून व्हार्निश पाजलं. नमुन्यांवरचं पाणी इथूनच शिरलं होतं. बिजागऱ्यांखाली पॉलिसल्फाइड, म्हणजे फट बुजवून पाणी अडवणारं रबरासारखं लुकण. सिलिकॉन बोटीवरच्या लाकडाच्या आसपासही नको. त्याचा पुसटसा थर राहिला तरी पुढचं व्हार्निश तिथे बसत नाही, डोळ्यांसारखे गोल खड्डे पडून बाजूला सरकतं.

बुचं त्याच लाकडातून कापली, व्हार्निशमध्ये बुडवली आणि पट्टीच्या रेषेशी रेषा जुळवून ठोकली. सरस किंवा इपॉक्सी मुद्दाम नाही, कारण कधी स्क्रू काढावा लागला तर बुच फोडून काढता आलं पाहिजे. वर आलेला भाग पटाशीने दोन टप्प्यांत उडवला. पहिला छेद उंचावर, त्यात तंतू कुठल्या बाजूला खाली उतरतात ते दिसतं. दुसरा त्याच्या उलट बाजूने, सपाटीला. एकाच घावात उडवलं तर बुच पृष्ठभागाच्या खाली तुटतं. मग प्रत्येक बुचावर दोन हात.

आच्छादनाला श्वास घेणारं ॲक्रिलिक कापड घेतलं. प्लास्टिकखाली रात्री बाष्प साचतं आणि लाकूड आतून भिजतं.

१८ एप्रिल

पहिली मोठी पाहणी. पायऱ्या एकसारख्या रुपेरी झाल्यात, पाय छान धरतात. झाकणाची खालची कड कोरडी, सपाट. टेबलाच्या एका कोपऱ्याला धातूचं काहीतरी लागून लहानशी खोक पडली होती. दिसल्या दिवशीच वाळवून, उतार करून भरली. खाली लाकडाचा रंग बदललेला नव्हता, म्हणजे वेळेत सापडली. चकाकी जायची वाट न बघता आता संपूर्ण टेबलाला ३२० ने घासून दोन हात देणार. चकाकी जाईपर्यंत थांबलं तर खालची पकड आधीच जाऊ लागलेली असते.

बाकांच्या बुचांभोवती कुठेही पांढरी कडी नाही, हे मी भिंग घेऊन एकेक करून बघितलं आणि फार बरं वाटलं. हात टेकायच्या पट्ट्यांवर सीलर विरळ झालंय. पॅडने घासून, गोड्या पाण्याने धुऊन ठेवलंय. उद्या दव उडाल्यावर तिथे एक हात, आणि बाकांच्या खालच्या बाजूची टोकं तपासायची राहिलीत तीही.